वहीतले 84 शब्द

वाचकांचं पत्र :

"मी धारूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. बारावी शिकलेली, नोकरीला 22 वर्षं झाली. पूर्वी 11 रजिस्टरं होती, ती डोळे झाकून लिहायचे, कुणी कधी खोड काढली नाही. आता सगळं फोनवर. ॲप म्हणतं, सिंक पेंडिंग, ऑथेंटिकेशन फेल्ड, डेटा मिसमॅच. संभाजीनगरला बीसीए करणारा मुलगा म्हणतो, 'आई, एवढं साधं कळत नाही का? शब्द शिकून घे, जग तुझ्यासाठी थांबणार नाही.' म्हणून एका वहीत शब्द लिहायला लागले. 84 झालेत. पण परवा 84 शब्द येऊनही एका बाळंतिणीला घरपोच आहार देता आला नाही. ओटीपी तिच्या नवऱ्याच्या फोनवर गेला आणि नवरा ऊसतोडीला सांगलीकडं, फडात. माझी मदतनीस म्हणते, 'बाई, आपुन कामून शिकायचं? ज्यानं केलंय त्यानं सोपं करावं की.' मलाही ते पटायलंय. पण बैठकीत तसं बोललं की 'तुम्हाला येत नाही म्हणून बोलता' असं ऐकावं लागतं. तिकडं जावेचे लाडक्या बहिणीचे पैसे तीन महिने आले नाहीत. बँकेतला मुलगा म्हणाला, 'आधार लिंक आहे, पण सीडिंग नाही.' हा 85वा शब्द. वही पुढं लिहू का बंद करू? सोबत वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवते.

ता. क. आमच्या व्हॉट्सॲप गटावर योजनेच्या लाभार्थी यादीची फाईल आलीय. नावाच्या शेवटी एपीके असं आहे. उघडू का?"

– एक सेविका

ताई, नमस्कार.

आधी ता. क.चं उत्तर : ती फाईल उघडू नका. कारण शेवटी सांगते, पण हे वाचेपर्यंत बोट तिकडं जाऊ देऊ नका.

आता वहीचं. वही बंद करू नका. पण त्यातले निम्म्याहून जास्त शब्द तुमच्या वहीत असायलाच नको होते. ते दुसऱ्या कुणाचं तरी काम होतं आणि ते तुमच्या डोक्यावर येऊन पडलंय. तुमचा मुलगा आणि तुमची मदतनीस दोघंही अर्धं बरोबर बोलतात. कोणता अर्धा भाग कुणाचा, हे वेगळं काढता आलं की तुमचं ओझं बरंच हलकं होईल.

हे मला तुमच्याच कामातून सुचलं. तुम्ही दंडघेर मोजता. लेकराचा डावा हात, खांद्याचं हाड ते कोपर यांच्या मधोमध खूण, पट्टी आवळायची नाही आणि ढिलीही सोडायची नाही. सहा महिन्यांच्या पुढचं, पाच वर्षांच्या आतलं लेकरू असेल आणि आकडा 11.5 सेंटिमीटरच्या खाली आला, तर ते तीव्र कुपोषित. 11.5 ते 12.5 म्हणजे मध्यम. त्याच्या पुढं ठीक. पट्टीवर हेच लाल, पिवळं, हिरवं करून दिलेलं असतं.

त्या पट्टीकडं जरा नीट बघा. जगभरच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं केलेला अभ्यास त्या वीतभर कागदात मावलाय आणि शेतातून घाईनं आलेल्या आईला त्यातला एकही शब्द यावा लागत नाही. लाल दिसलं की तिच्या काळजात चर्र होतं आणि ती विचारते, 'आता काय करू बाई?' तिच्यासाठी एवढं पुरेसं आहे. तुमच्यासाठी मात्र रंग पुरत नाही. तुम्हाला आकडा लागतो, सॅम (तीव्र कुपोषित) आणि मॅम (मध्यम) यातला फरक लागतो, कारण कुणाला आरोग्य केंद्रात धाडायचं आणि कुणाचा आहार वाढवायचा, हे तुम्ही ठरवता. पुढं डॉक्टरला त्याहून जास्त लागतं. आईला रंग, सेविकेला आकडा, डॉक्टरला सगळं. ज्यानं जे ठरवायचं, त्याला तेवढा शब्द हवा. त्याहून कमी दिला तर त्याला आंधळं केलं, आणि त्याहून जास्त लादला तर त्याच्या वेळेची आणि अब्रूची नासाडी केली.

आणि 'दंडघेर' हा शब्द बघा ना. इंग्रजीतल्या त्या चार शब्दांच्या नावाचं कुणीतरी मन लावून हे मराठी केलं. दंड आहे, घेर आहे, समजावून सांगायला काही उरतच नाही. असं करणं जमतं, याचा हा पुरावा रोज तुमच्या हातात असतो.

मी स्वतः 31 वर्षं बँकेच्या काउंटरवर होते. शाखेचं नाव सांगत नाही. 'केवायसी पेंडिंग आहे' हे वाक्य मी दिवसातून 40-50 वेळा म्हटलं असेल. एकदा नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या आजी निराधार पगारासाठी आल्या होत्या. त्यांनी काउंटरच्या कडेला दोन्ही हात टेकवले आणि विचारलं, 'केवायसी म्हंजी काय असतंय माय?' मी तोंड उघडलं आणि मला मराठीत सांगताच येईना. केवायसी, केवायसी म्हणत मी किती वर्षं लोकांना परत पाठवलं होतं, आणि त्याचा अर्थ एवढाच होता की 'तुम्ही तुम्हीच आहात, याचा ताजा कागद आम्हाला पुन्हा दाखवा.' एवढं साधं वाक्य मला त्या दिवशी पहिल्यांदा जुळवावं लागलं. आजी म्हणाल्या, 'मग तसं म्हन की. आणते उद्या.' आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला कागद घेऊन हजर. याआधी त्या तीन चकरा मारून गेल्या होत्या. त्या तीन चकरांचं एसटीचं भाडं माझ्या एका शब्दानं खाल्लं होतं, हे मी विसरलेले नाही.

म्हणून तुमच्या जावेचं आधी सांगते. 'लिंक' आणि 'सीडिंग' हे दोन शब्द वेगळे आहेत आणि इथं त्यांचा फरक कळणं गरजेचंच आहे, कारण पैसा त्यावर अडलाय. लिंक म्हणजे त्या बँकेकडं तुमच्या जावेचा आधार नंबर लिहिलेला आहे. ते झालं बँक आणि जावेच्या आपसातलं. सीडिंग म्हणजे देशभराची एक यादी आहे, कुणाच्या आधारावर आलेला सरकारी पैसा कोणत्या बँकेत उतरवायचा याची. त्या यादीत एका आधारापुढं एकाच वेळी एकच बँक असते. लेकीच्या सासरी दोन घरं असली तरी चिठ्ठी एकाच पत्त्यावर जाते ना, तसं. तीन बँकांत खाती असतील आणि तिन्हीकडं आधार दिलेला असेल, तरी योजनेचा पैसा त्या यादीत जी बँक शेवटची नोंदवली गेली तिथंच जाणार. कधीकधी पैसे आलेले असतात आणि बाई दुसऱ्याच खात्यावर वाट बघत बसलेली असते. आधारच्या सरकारी संकेतस्थळावर आधार नंबर आणि ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं. तिथं बँकेचं नाव दिसेल आणि ते चालू आहे का बंद, हेही दिसेल. भलतीच बँक दिसली तर आधी त्या खात्यावर पैसे पडून आहेत का ते बघा. काहीच दिसलं नाही, तर बँकेत जाऊन 'आधार लिंक करा' म्हणू नका. 'सरकारी अनुदान याच खात्यात यावं म्हणून आधार सीडिंगचा फॉर्म द्या' असं म्हणा, सही करा, पोच घ्या. हा शब्द ठणकावून वापरा. तो वापरला की समोरचा माणूस 'झालंय, झालंय' म्हणून वाटेला लावू शकत नाही.

शब्द शिकण्यात आपली माणसं मागं आहेत, असं तुमचा मुलगा समजत असेल तर त्याला गावातून एक चक्कर मारायला सांगा. वीज गेली की सत्तरीची म्हातारी दारातून ओरडते, 'डीपी जळाली का एक फेज गेलाय?' डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, हे तिला कुणी वर्गात बसवून शिकवलं नाही. सिंगल फेजवर मोटार लावली तर वाइंडिंग जळतं आणि रिवाइंडिंगला हजारो रुपये जातात, म्हणून घरातल्या सगळ्यांना फेज कळतो. सोयाबीन घेऊन लातूरच्या अडतीवर गेलेल्या माणसाला 'मॉइश्चर' कळतं, कारण काट्यावर त्याचेच पैसे कापतात. हमीभावाच्या खरेदीला 12 टक्के ओलाव्याची अट होती, 2024 च्या हंगामात ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली गेली. 'ओल जास्त धरतात हो' एवढीच तक्रार करून हे झालं असतं असं मला वाटत नाही. आकडा आणि शब्द दोन्ही गावागावांत तोंडपाठ होते, म्हणून नेमकं मागता आलं. तुमच्या भागात तर 'एक कोयता' म्हटलं की नवरा-बायकोची जोडी, 'उचल' म्हटलं की मुकादमाकडून आधी घेतलेला पैसा, हे पोरासोरांना ठाऊक. परमुलखाचा माणूस ऐकून गोंधळेल. आपल्याला ते अवघड वाटत नाही, कारण आयुष्य त्यावर बांधलेलं आहे.

तेव्हा शब्द अवघड म्हणून आपण अडत नाही. जो शब्द आपल्या हाताला काही करायला देत नाही, तो डोक्यात राहत नाही, इतकंच.

तुमच्या वहीच्या पानांवर मी बराच वेळ रेंगाळले. 'सिंक – पिंपळाखाली रेंज येते तिथं जाऊन दाबणे, ढग हिरवा होईपर्यंत फोन खिशात न घालणे.' 'सर्व्हर डाऊन – आपला दोष नाही, संध्याकाळी सात नंतर बघणे.' ताई, हे अर्थ कोणत्याही कोशातल्या अर्थापेक्षा सरस आहेत. शब्द आला की काय करायचं, ते तुम्ही लिहिलंय. मुलाला हे दाखवा.

पण त्याच पानांवर 'ऑथेंटिकेशन फेल्ड' पुढं तुम्ही फक्त 'पडताळणी झाली नाही' एवढं लिहून जागा रिकामी सोडलीय. ती रिकामी जागा तुमच्या अज्ञानामुळं नाही. त्या शब्दातच काही नाही. त्याच्या पोटात चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. खोलीत अंधार असेल, चेहरा नीट दिसला नसेल. आधारवरचा फोटो ती मुलगी शाळेत असतानाचा असेल, आज तिच्या कडेवर लेकरू आहे. आधारवर माहेरचं नाव आणि तुमच्या नोंदीत सासरचं असेल. नाहीतर त्यांच्याकडचंच यंत्र बंद पडलं असेल. पहिल्यावर उपाय दाराच्या उजेडात येणं, दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर आधार केंद्र, चौथ्यावर वाट बघणं. चार आजारांना एकच नाव देऊन वैद्य निघून गेला, तर घरच्यांनी औषध कशाचं आणायचं? यंत्राला यातलं नेमकं काय घडलं ते बहुतेक वेळा कळलेलं असतं. ते सांगत नाही, कारण सांगायला लावायचं कुणी मनावर घेतलं नाही. तुम्हाला 'ऑथेंटिकेशन' शिकवून हा प्रश्न सुटत नाही. ते वाक्य लिहिणाऱ्यानंच ते पुन्हा लिहायला हवं : 'आधारवरचं आडनाव आणि तुमच्याकडचं आडनाव वेगळं आहे. आधार केंद्रात दुरुस्ती करा. तोपर्यंत आहार थांबणार नाही.' या शेवटच्या वाक्यासाठी मात्र धोरण बदलावं लागेल, आणि ते बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे.

आणि हे इंग्रजी शब्द नुसते देवनागरीत छापले म्हणून मराठी झालं असं कुणी सांगू लागलं, तर ऐकून घेऊ नका. 'डेटा मिसमॅच' देवनागरीत लिहिला तरी तुमच्या मदतनीसबाईंना तो तितकाच परका. त्याच्या जागी अवजड संस्कृत शब्द घडवून ठेवला तरी तेच. 'नाव जुळत नाही' हे मराठी आहे.

आपल्या भागाला हे नवीन नाही. माझ्या आजोबांच्या लाकडी पेटीत जमिनीचे कागद होते, सगळे उर्दू. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू आणि घरात, शेतात, देवळात मराठी. आजोबांना जमीन बांधासकट पाठ होती, कोणत्या बाभळीपासून आपलं रान सुरू होतं ते अंधारात सांगायचे. पण कागदावर काय लिहिलंय ते दुसरा सांगेल तेच खरं. त्याच राज्यात 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, उर्दूतून शिकवणारं. त्यासाठी भाषांतराचं वेगळं खातं होतं आणि शास्त्रांचे शब्द तिथं बसून घडवले जात. म्हणजे राज्यकर्त्यानं मनावर घेतलं तर शब्द घडवता येतात, खर्चही करता येतो. प्रश्न एवढाच असतो की कुणासाठी. माझ्या आजोबांसाठी कुणी घडवले नाहीत. 1948 च्या 17 सप्टेंबरला ते राज्य गेलं, कागद मात्र राहिले. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुनी उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली, ते तुम्ही पाहिलंच. ज्याचा कागद त्यालाच वाचता येत नसेल, तर त्याचं मोल पुढच्या पिढ्याही फेडत बसतात. तुमच्या फोनवरची ती लाल अक्षरं मला त्या पेटीतल्या कागदांसारखीच दिसतात.

आता त्या बाळंतिणीचं, कारण पत्रातली तीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. 2025 पासून घरपोच आहारासाठी चेहऱ्याची ओळख पटवायची अट आली, आणि ई-केवायसी करायची तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. ओटीपी म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. कुणाच्या शिकण्यात काडीचीही कमतरता नव्हती. घरात फोन एक, तो नवऱ्याजवळ, नवरा उसाच्या फडात. दुपारी फोन बंद, कारण चार्जिंग रात्री कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, परतल्यावर. ओटीपीची मुदत तेवढ्यात संपते. बीड जिल्ह्यातली कितीतरी घरं दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत अशी अर्धी इथं आणि अर्धी फडात असतात, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. ज्यानं ही पायरी आखली त्यानं प्रत्येक बाईच्या हातात तिचा स्वतःचा, तिच्याच नावाचा, चालू फोन धरला होता. असा फोन तुमच्या गावात किती जणींकडं आहे, हे तुम्ही बोटावर मोजून सांगाल. इथं शिकायचं तुम्हाला काही नव्हतं, आखणाऱ्याला होतं.

हेच बैठकीत सांगायचं आहे, आणि सांगायची पद्धत महत्त्वाची आहे. 'आम्हाला समजत नाही, सोपं करा' असं म्हणू नका. त्या वाक्यानं बोट तुमच्याकडं वळतं. तुम्ही 11 रजिस्टरं सांभाळलेली बाई आहात, रजिस्टरासारखंच मांडा. पुढच्या बैठकीपर्यंत एका पानावर तीन रकाने आखा : तारीख आणि ॲपवर आलेलं वाक्य जसंच्या तसं, खरं कारण काय निघालं, कोण उपाशी राहिलं किंवा किती चकरा झाल्या. शक्य तिथं फोनच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा, पण त्यात आधार नंबर दिसत असेल तर तो झाकून. शेजारच्या चार-पाच गावांतल्या सेविकांनाही हेच पान भरायला सांगा. एकीनं सांगितलं तर 'बाईला येत नाही' होतं, पाच जणींच्या पानांवर तेच वाक्य तेच कारण घेऊन आलं तर 'ॲप इथं अडतं' होतं. पर्यवेक्षिकाबाईंना ते लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्यांनाही वर सांगायला कागद लागतो. त्यांच्याशी भांडण नाही, त्याही त्याच फोनला वैतागलेल्या असतील.

हे व्यर्थ जात नाही. 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी निकृष्ट निघालेले फोन परत केले, ॲप मराठीत हवं म्हणून आग्रह धरला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. मराठी ही मेहेरबानी म्हणून आली नाही. तुमच्यासारख्या बायका उन्हात बसल्या म्हणून आली.

तरीही मदतनीसबाईंचं म्हणणं मी पूर्ण उचलून धरणार नाही. 'त्यांनी सोपं करावं' यालाही एक धोका आहे आणि तो मी बँकेत असताना डोळ्यांनी पाहिला. फोनवरून पैसे पाठवणं इतकं सोपं झालं की पान टपरीपासून दवाखान्यापर्यंत कुणालाही जमतं. चांगलंच झालं. पण त्या सोपेपणात एक गोष्ट दडून गेली : पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच नाही. हे ठळक कुठंच दिसत नव्हतं. मग कुणीतरी फोन करायचा, 'तुमचे पैसे जमा करायचेत, आलेल्या मागणीवर पिन टाका', आणि माणूस पिन टाकायचा. एका जोडप्यानं अशी म्हैस विकल्याची पूर्ण रक्कम घालवली. माझ्या काउंटरसमोर ती बाई नुसती उभी होती, रडलीही नाही. वर्षानुवर्षं आम्ही लोकांना 'सावध राहा' सांगत राहिलो. शेवटी माणसानं माणसाकडं अशी पैशांची मागणी पाठवायची सोयच 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद करायचं ठरलं. कोट्यवधी लोकांना शिकवत बसण्यापेक्षा एक दार बंद करणं सोपं होतं, ते उशिरा सुचलं. पण दार बंद होईपर्यंत ज्याला 'पिन म्हणजे पैसे जाणार' एवढं एक वाक्य येत होतं, तो वाचला. म्हणून दोन्ही लागतं, आणि म्हणून मी वही बंद करा म्हणत नाही.

वहीत आता एक काम करा. लाल पेन घ्या आणि प्रत्येक शब्दापुढं स्वतःला विचारा : हा शब्द आला की मला काही ठरवायचं असतं का, किंवा यानं कुणाचा पैसा, सही, आहार हलतो का? असेल तर ठेवा. तुमच्या दोन पानांतले माझ्या मते ठेवायचे शब्द : ओटीपी, पिन, सिंक, अपडेट, परवानगी, सीडिंग, बॅकअप, आणि आता एपीके. 'एपीआय', 'टाइमआउट', 'व्हॅलिडेशन' यांच्यावर रेघ मारा आणि ते तीन रकान्यांच्या पानावर न्या. ते तुमचं शिकणं नाही, तुमची तक्रार आहे. 'कॅशे'पुढं तुम्ही 'मुलगा आल्यावर' असं लिहिलंय, ते तसंच राहू द्या. फोन रखडला की काढून टाकायचा साठलेला कचरा, एवढं कळलं तरी खूप झालं. फक्त ते करताना 'डेटा क्लिअर' या दुसऱ्या बटणावर बोट गेलं तर वर न गेलेली माहिती पुसली जाऊ शकते, म्हणून आधी सिंक, मग कचरा.

मुलाशी भांडू नका. त्याला एकच अट घाला : शिकवताना फोन माझ्या हातातून घ्यायचा नाही. पोरं फोन ओढून घेतात, चार वेळा बोट फिरवतात आणि 'झालं' म्हणून परत देतात. त्यात आपण काही शिकत नाही आणि त्यांना वाटतं शिकवलं. त्यानं शब्द सांगायचा नाही, बोट कुठं ठेवायचं आणि ठेवल्यावर काय होईल ते सांगायचं. 'एवढं साधं' हे दोन शब्द त्याच्या तोंडून बंद करा. साधं असतं तर त्याला स्वतःला बीसीएला तीन वर्षं लागली नसती. आणि उद्या तो कुठंतरी नोकरीला लागून अशाच एखाद्या ॲपमधली वाक्यं लिहायला बसेल, तेव्हा आईची वही त्याच्या टेबलावर असावी, असं मला फार मनापासून वाटतं. सुट्टीत आला की त्याला ते 'ऑथेंटिकेशन फेल्ड' समजेल अशा मराठीत लिहायला लावा, आणि मदतनीसबाईंना वाचून दाखवायला सांगा. त्यांनी मान हलवली तरच ते जमलं.

आता ती फाईल. एपीके म्हणजे यादी नव्हे, कागद नव्हे. एपीके म्हणजे फोनमध्ये नवं ॲप बसवायची पेटी. खरी यादी आली तर बहुधा पीडीएफ असते, नाहीतर फोटो. सरकारी योजनेच्या नावानं, गाडीच्या दंडाच्या नावानं, लग्नपत्रिकेच्या नावानं अशा पेट्या व्हॉट्सॲपवर फिरतात. बसवली आणि मागेल त्या परवानग्या दिल्या, की आत शिरलेलं ॲप तुमचे मेसेज वाचू शकतं, म्हणजे ओटीपीही. मग तो तुम्ही कुणाला सांगायची गरजच उरत नाही. ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून भरवसा ठेवू नका. ज्याचा फोन आधी अडकला, त्याच्याच नंबरवरून ती पुढं जाते. काढून टाका.

आणि कुणी उघडली असेल, तर लाजेनं गप्प बसायची ही वेळ नाही. आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करायचं. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवायचं. पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करायचा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पुढं सरकायच्या आत कळवलं तर थांबवता येण्याची शक्यता जास्त असते. मग ते ॲप काढायचं, जमत नसेल तर जाणत्याकडून फोन पूर्ण कोरा करून घ्यायचा, आणि पिन बदलायचे.

तुमच्या गटात सेविका, मदतनीस, आशाताई मिळून बऱ्याच जणी असतील आणि प्रत्येकीच्या फोनमध्ये गावातल्या बायकांची माहिती आहे. आजच गटावर तुमच्या आवाजात मेसेज टाका. लिहून टाकू नका, बोलून टाका, म्हणजे ज्यांना वाचायला वेळ लागतो त्याही ऐकतील. आणि ज्यांनी ती फाईल उघडली असेल असं वाटतं, त्यांना गटावर न विचारता एकेकीला फोन करा.